देवणीच्या मापाची दोरी

रविवार, दिवेलागण. माघ, १९७४.

दिवसभर गुरांमागं फिरून पाय दुखून राहिले. मामानं आज नवंच काढलं. शेजारच्या पाटलाच्या थोराड देवणी जातीच्या गोऱ्ह्याच्या छातीला दोरी गुंडाळली, माप बसलं तिथं गाठ मारली, अन् तीच दोरी आपल्या लहान चणीच्या लाल कंधारी गोऱ्ह्याला लावली. दोघं एकाच पोळ्याच्या आसपास जन्मलेले, पण दोरी ढिली लोंबत राहिली.

"खाल्लेलं ह्याच्या अंगाला लागत न्हाई. उद्या कळमनुरीच्या बाजारात ने. तू रिकामाच हाईस," मामा मला म्हणाला.

मामी चुलीपासून ओरडली, "देवणीचं माप कंधारीला काहून? उद्या माझी चोळी पाटलीणबाईच्या मापानं शिवाल!"

मी माझी पिशवी भरून ठेवली. गोऱ्हा विकून तसंच नांदेडची गाडी धरायचं मनात होतं. तिथं तरी काय आहे? कोण जाणे.

आत्ता चहा आला तो कोरा. मामीनं गाय पिळलीच नाही, सगळं दूध गोऱ्ह्याला पाजलं.

"असा चहा किती दिस?" मामानं विचारलं.

"तुमच्या दोरीची गाठ ह्याच्या छातीला बसंस्तोवर."

मामानं कपाकडं पाहिलं, खुंटीवरल्या दोरीकडं पाहिलं. "उद्याचा बाजार ऱ्हाऊ दे," म्हणाला.

भरलेली पिशवी मी परत खुंटीला अडकवली. दोरीच्या शेजारी.