कपाटातली हिरवी पिसं

शनिवार, संध्याकाळ. बडनेरा.

आज शाळेत ब्राझीलची कार्यशाळा घेतली. पोरांना तिथल्या कार्निव्हलबद्दल सांगितलं, मुखवटे करायला लावले. पाचवीतल्या प्रणालीनं घरच्या कोंबडीची पिसं हिरवी रंगवून आणली होती. मुखवटा लावून ती अशी नाचली, की वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरगी हीच का, असं वाटलं.

फोटो निघाले आणि लगेच मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, आता हे कपाटात ठेवा. साहेब तपासणीले आले की दाखवू."

प्रणालीनं विचारलं, "मॅडम, माहा मुखवटा घरी नेऊ का? मायले दाखवतो अन् आणून देतो."

मी म्हणाले, "सोमवारी ने." का म्हणाले? कपाट उघडलं तर आत जपानच्या कार्यशाळेतले कागदी पंखे, तसेच, पोरांच्या नावांसकट. ती पोरं सातवी होऊन गेलीसुद्धा. त्यांनाही मी सोमवारच सांगितला होता.

हिरवी पिसं दारात अडकत होती. मीच ती आत दाबली. एक मोडलं. कुलूप लावून वळले तर मागे प्रणाली उभी. रडली नाही.

"राहू द्या मॅडम," म्हणाली. "आमच्या ताईचा पंखा बी आतच हाये."