पुसट जागा
नाशिक, मंगळवार संध्याकाळ

आज स्कॅन विभागात माझ्या वरिष्ठ डॉक्टर सरांशी वाद घातला. पश्चात्ताप? मुळीच नाही.

येवल्याच्या शांताबाई पैठणी विणतात. छातीत दडपण येतं म्हणून हृदयाचा सीटी स्कॅन करायला आल्या होत्या. कॉम्प्युटरने रक्तवाहिन्या मोकळ्या ठरवल्या. पण एका वाहिनीत एक जागा पुसट होती. धडधड वाढल्यामुळे चित्र हललं असणार.

सर म्हणाले, "अगं, मशीनला दिसत नाही ते तुला दिसतंय का? रिपोर्टवर सही कर."

"मलाही दिसत नाहीये, सर. म्हणूनच सही करणार नाही."

मी जास्तच अडून बसले का? बसले. त्या पुसट जागेत काहीही असू शकत होतं.

बाईंना विचारलं. म्हणाल्या, "मागावर बसल्यावर काय नाय होत. जिना चढले की लय दाटतं. घरचे म्हणतात, नाटकं करते."

ठोके कमी करायची गोळी दिली, तासाभराने पुन्हा स्कॅन केला. आता चित्र स्वच्छ आलं आणि वाहिनी तिथेच अरुंद झालेली दिसली. या वेळी कॉम्प्युटरनेही तिथे लाल खूण केली. उद्या अँजिओग्राफी.

शांताबाईंनी हळूच विचारलं, "म्हंजे मी खोटं नव्हते ना बोलत?"

"नव्हता," म्हटलं, आणि त्यांच्या घरी मीच फोन लावला.