सांगितलेलं वजन

सर, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी वॉर्डातल्या वजनकाट्याजवळून जाताना मी अजून पाठ ताठ करतो. संस्कृत घोकून डॉक्टरकीला आलेला म्हणून तुम्ही मला शास्त्रीबुवा म्हणायचात. स्वतः मात्र गारगोटीची बोली शेवटपर्यंत सोडली नाहीत. राधानगरीकडच्या त्या आजी आठवतात? वय ऐंशी, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, मूत्रपिंडांचं काम सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट नॉर्मल. वजन मी त्यांच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, असंल की पंचावन्न. मी ते लिहिलं आणि रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं दिवसाला दोन ठरवली. तुम्ही राउंडला येता, आजींचं मनगट उचलता. बांगड्या कोपरापर्यंत घसरतात. तुम्ही काटा मागवता.

"मी काय गुळाची ढेप हाय व्हय?"

"ढेपंला सुई लागत न्हाय, आजी. चढ."

काटा छत्तीसवर थांबतो. मग केसपेपरच्या पाठीवर वय, वजन, क्रिएटिनिन मांडून तुम्ही दाखवलंत, की मूत्रपिंडं जेमतेम पाव काम करताहेत. अंगावर मांसच नाही, तर क्रिएटिनिन तयार होणार किती आणि रिपोर्टात चढणार कुठून? पहिलं औषध लघवीवाटे बाहेर पडायच्या आत दुसरी सुई. साठत गेलं की रक्तस्राव. "रिपोर्ट नॉर्मल हाय, शास्त्रीबुवा. म्हातारी न्हाय." दोनाची एक सुई झाली, तीही छत्तीस किलोच्या मापाची, आणि आजी आपल्या पायांनी घरी गेल्या. शब्दाआधी प्रत्यक्ष, म्हणजे ऐकलेल्याआधी स्वतः पाहिलेलं, हे न्यायदर्शनातलं सूत्र मी पाठ करून आलो होतो. तुम्ही ते न वाचता पाळत होतात.

गेल्या महिन्यात माझ्या आईच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून ती रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते, तीन वर्षांपूर्वी मीच ठरवलेल्या मात्रेत. तिचे रिपोर्ट मी नेमाने पाहत होतो. तिला रोज पाहत असल्यामुळे पाहिलंच नव्हतं. काट्यावर उभी केली, तर बासष्ट किलोची अठ्ठेचाळीस झालेली, वयाची ऐंशीही ओलांडलेली. आज माझा नंबर लागला म्हणायचा, एवढंच ती म्हणाली. मात्रा निम्मी केली, रक्त थांबलं.

काल विद्यार्थ्यांना हे सगळं शिकवलं. सुरुवात केली, "एका डॉक्टरची आई होती." कोणता डॉक्टर, हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तुम्ही विचारलं असतंत. म्हणून तुम्हाला सांगतो आहे. हे पोचणार नाही, याची खात्री करून घेऊन.