तळघर आहे

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर चिडलेय. एवढी वर्षं तुमची आठवण आली की डोळे भरून यायचे. आज ऑफिसातल्या तुमच्या फोटोकडं बघितलं आणि सरळ मान फिरवली. पडेगावच्या पुढं, रस्त्याच्या आतल्या अंगाला, शाळा तीच, मुख्याध्यापिकेची खुर्चीही तुमचीच, फक्त आता तिच्यावर मी बसते. म्हणून भांडायचं तर तुमच्याशीच.

झालं असं, की उन्हाळ्यात सीमेवर तापलं आणि वरून फर्मान निघालं. लढाई पेटलीच तर सामान्य नागरिकांचा जीव वाचवायला देश कटिबद्ध आहे, सबब वस्तीवस्तीत भोंग्याचा सराव घ्या. टीव्हीवरचा माणूस 'कटिबद्ध' हा शब्द असा घोळवून घोळवून म्हणत होता, की खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं. दोन दिवसांनी कागद हातात पडला. वस्तीचं आश्रयस्थान म्हणजे आपली शाळा. तळघर आहे, क्षमता दोनशे. मी डोक्यालाच हात लावला. ज्या शाळेच्या पत्र्यातून ऊन खाली येतं तिला तळघर? फोन केला तर पलीकडचा क्लार्क म्हणतो, "मॅडम, तुमच्याच शाळेनं भरून दिलंय, मागच्या लढाईच्या टायमाला. आम्ही फक्त कॉम्प्युटरवर चढवलं." अहो पण तळघर नाहीये, मी म्हणते. "मग आता ऐन वेळी बदलू नका ना. सराव उरकू द्या, मग बघू." मीही म्हटलं जाऊ दे, भर उन्हात येतंय कोण.

आले ना, बाई! सगळी वस्ती आली. भोंगा वाजला आणि बायका कडेवर लेकरं, काखेत गाठोडी घेऊन पळत आल्या. म्हातारी माणसं मोटरसायकलवर मागं बसून आली. मेंढरंवाल्यांनी तर मेंढरंसुद्धा आणली, त्यांना मागं कशी ठेवणार! फाटकातच गलका, "तळघर कुठाय?" मी घसा फोडून सांगतेय, तळघर नाही, पटांगणात थांबा. त्यातला एक म्हातारा मलाच समजावतो, "आसं कसं नाय? तळघर म्हंजे पेव. मोठ्या बाईंनीच सांगितलं व्हतं, भोंगा झाला की पेवात उतरायचं."

पेव! कोठीखोलीच्या मागं जमिनीत खोल खणलेलं, जुन्या काळी वस्तीची ज्वारी साठवायचं ते, वर शिळा टाकून कधीचं बंद केलेलं. मी मागं पोचेपर्यंत दोघांनी शिळा सरकवली होती आणि एक आजी आपल्या नातीला दोन्ही दंडांना धरून आत सोडत होती. सात-आठ वर्षांची पोर, कमरेपर्यंत आत. "आदी लेकरं उतरवा!" आजी ओरडतेय. मी किंचाळले, धावले आणि पोरीला असं हिसकलं की तिच्या कोपराला खरचटून रक्त आलं. आजी माझ्यावर उखडली. "व्हय ओ म्याडम, जीव वाचवाया आलोय आमी, आन तुमी लेकराचा हात उपटता व्हय?" मी आधी त्या दोघांना शिळा परत ओढायला लावली.

कारण त्या पेवात काय असतं ते तुम्हीच मला दाखवलेलं. मी चौथीत आहे, आपण सगळे त्या तोंडाभोवती उकिडवे बसलोय, तुम्ही दोरीला कंदील बांधून हळूहळू आत सोडताय. ज्योत बारीक होते, निळसर होते, विझते. तुम्ही विचारता, काय झालं? मी पुढं पुढं करत म्हणते, रॉकेल संपलं. तुम्ही कंदील वर ओढून माझ्या कानाशी हलवता, रॉकेल आत डुचमळतंय. "रॉकेल आहे. हवा नाही. बंद पेवात उतरलेला माणूस परत येत नाही. आणि गं पोरी, जे दिसलं नाही ते मनानं रचून सांगत जाऊ नकोस." सगळ्यांसमोर! त्या बोलण्यावर मी अख्खी नोकरी काढली, बाई.

आणि परवा कपाट उपसून तुमचं जुनं रजिस्टर काढलं. तुमचंच ते सुरेख अक्षर. मागच्या लढाईच्या वेळी भरून दिलेल्या माहितीची नक्कल, 'तळघर'पुढं आधी 'नाही' लिहिलंय, मग त्यावर काट मारून वर 'आहे'. खाली सही. माझी चौथी आणि तो कागद यांच्यात बारा-पंधरा वर्षं गेली असतील, तेवढ्यात कंदील विसरलात? नाही विसरलात, ते काट मारण्यावरूनच दिसतंय. कुणीतरी समोर बसून म्हणाला असेल, 'नाही' लिहिलंत तर वस्तीला दुसरी जागा दाखवावी लागेल बाई, ती कुठून आणू? मला तेच ऐकवतात म्हणून माहीत. देशाचा शब्द दिल्लीत भाषण असतो, जिल्ह्याला परिपत्रक होतो आणि आपल्या टेबलावर येईपर्यंत त्याचा एक रकाना उरतो. त्या रकान्यात 'नाही' कुणालाच नको असतं. पण तुम्ही? लोकांना वर तोंडी सांगितलंत, पेवात उतरा म्हणून? मला कळतच नाही.

पेव मी दुसऱ्याच दिवशी दोन ट्रॉल्या मुरूम टाकून बुजवलं. आता तिथं कुणी मरणार नाही, आणि कुणी लपणारही नाही. हे पत्र काही मी कुठं पाठवणार नाही, वाचून फाडून टाकीन. पण फाडण्याआधी एक सांगायचं राहिलंय. सरावाच्याच दिवशी सहाच्या आत अहवाल मागितला होता. मी लिहिलं, सराव सुरळीत पार पडला, नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद, अडचण काही नाही. त्या पोरीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. त्यामुळे यादीत आपलं तळघर अजून आहे, दोनशे माणसांचं. काल त्या पोरीची आजी बसथांब्यावर भेटली. राग गेला होता तिचा. म्हणाली, "म्याडम, पुढच्या बारीला खरंच भोंगा झाला तर लेकरं कुठं आणायची ओ?"

मी म्हणाले, शाळेतच आणा.