कागदावरची खंडूची बायको

प्रिय माय,

तुला पत्र लिहायचं म्हणून सुमनला, म्हणजे माझ्या सुनेला, वही घेऊन बसवलं, तर पहिल्याच ओळीला गाडं अडलं. ती म्हणाली, "आत्याबाई, प्रिय लिहिलं. पुढं नाव सांगा." मी म्हणलं, "नाव माहीत असतं तर पत्र काहून लिहिलं असतं?" ती हसली. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं.

म्हणून नुसतं माय लिहिलंय. मला अक्षर येत न्हाई, तुलाही येत नव्हतं. तेव्हा वाचायला तिकडं कुणाला तरी धरून आण. बापाला आणू नको. त्याचंच गाऱ्हाणं सांगायचंय.

उद्या पितरांची नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची. दरवर्षी मी तुझ्या नावानं एक सवाष्ण जेवू घालते. पाटावर बसलेली विचारते, कुणाच्या नावानं गं? मी म्हणते, मायच्या. यंदा तरी नाव सांगता येईल असं वाटलं होतं. न्हाई आलं. ते कसं, तेवढं ऐक.

हिंगोलीचा जिल्हा झाला तशा माझ्या लेकाच्या, दत्ताच्या, तिथल्या चकरा वाढल्या. त्याच्या पोराच्या जातीच्या दाखल्याला जुना पुरावा पाहिजे म्हणले. मेंढरामागं फिरणाऱ्या माणसाचा पुरावा कुठं असतो, सांग बरं? आमचा पुरावा म्हणजे लेंड्या, त्या लोकांच्या शेतात मुरल्या.

मी दत्ताला म्हणलं, "पूर्वज शोधायला निघालाच हायस तर माझी माय बी बघ. तिचं नाव कुठं लिहिलं असंल तर."

"तुला तुझ्या मायचं नाव माहीत न्हाई?"

"तुला तरी हाय का तुझ्या आजीचं?"

कसं असणार, माय? मी ओंजळीएवढी होते. मी तुला माय म्हणायची, काकू धाकटी म्हणायची, बाकीचे खंडूची म्हणायचे. आन् खंडू, म्हणजे माझा बाप, तो तुला ए म्हणायचा. तू गेल्यावर एकदा त्याला विचारलं, मायचं नाव काय होतं? त्यानं काठी उचलली आन् मेंढ्यांकडं गेला.

दत्तानं आपल्या लोकांत विचारायला सुरुवात केली. जत्रेत, लग्नात, बाजारात. कुणी म्हणालं, शिरड शहापूरला एक म्हातारा हाय, जवानीत तुमच्या वाड्याबरोबर, फिरत्या तांड्याबरोबर, मेंढ्या घेऊन हिंडला. मी स्वतः गेले. त्याला दिसत न्हाई आता, पण खंडूची लेक म्हणल्याबरोबर सरसावून बसला.

"तुझी माय? व्हय तर. उंच होती. कोकरू पदरात घेऊन चालायची. औंढ्याच्या खालच्या रानात पाटलाच्या शेतात मेंढ्या बसवल्या होत्या, तवा तापानं गेली. तिथंच बांधाला पुरली अन् सकाळी आमी पुढं निघालो."

"नाव काय होतं, काका?"

त्यानं लई वेळ आठवलं. "खंडूचीच म्हणायचो आमी," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या बायकूचं नाव कोण विचारतंय, बाई?"

तू उंच होतीस, हे मला त्या दिवशी कळलं. मी बुटकी हाय. कुणावर गेले मी?

पण गाव कळलं. परकी बाई शिवारात मेली की पोलिस पाटील कागद करायचा, असं दत्ताला कुणीतरी सांगितलं. निजामाच्या वेळचे कागद, सगळे उर्दूत. तहसीलच्या ओसरीवर एक रिटायर मास्तर लोकांना ते वाचून द्यायचे. त्यांनी आमच्यासाठी गठ्ठेच्या गठ्ठे उलटले, धूळ खाल्ली, खोकले. एक दिवस निरोप आला, अम्माजी को लेके आओ.

मी नवं लुगडं नेसून गेले, माय. तुला भेटायला निघाल्यासारखी.

मास्तरांनी चष्मा पुसला आन् वाचत गेले, मला मराठीत सांगत गेले. खंडू वल्द बिरू, म्हणजे बिरूचा लेक, जात धनगर. तापानं बाई मयत. मेंढ्या किती ते लिहिलेलं. घोडं एक, रंग तांबडा. कुत्रं एक. संग एक लहान पोरगी.

"ती मी," मी म्हणलं. "आन् बाई?"

"जौजे खंडू. म्हणजे खंडूची बायको."

"पुढं वाचा."

"आगे इतनाच है, अम्मा. नाव विचारलं असता नवऱ्यानं 'माझ्या घरची' असं सांगितलं."

मी म्हणलं, परत वाचा. त्यांनी वाचलं. घोड्याचा रंग परत तांबडाच निघाला.

कुणाला लाजला गं तो? चार बाप्यांसमोर बायकोचं नाव घेतलं तर लोक हसतील म्हणून? समोर तू चादरीखाली पडलेली. कोण हसणार होतं त्या वेळी? तू लग्नात उखाण्यात त्याचं नाव घेतलं असशील, नटूनथटून, मान खाली घालून. त्याच्या तोंडून एकदा, एकाच शब्दाचं काम होतं. तो शब्द कागदावर राहिला असता आन् साठ वर्षांनी मला सापडला असता.

दत्ता तो कागद दाखल्यासाठी घेऊन गेला तर साहेब म्हणाले, आईकडचा पुरावा चालत न्हाई, बापाकडचा आणा. मग माझ्या ह्यांच्या चुलत्याचं नाव एका शाळेच्या रजिस्टरात निघालं आन् काम झालं. घरात पेढे वाटले. मी बी खाल्ला. नातवाचं चांगलं झालं, तोंड वाकडं कशाला करू?

नंतर दत्ता मला त्या शेतात घेऊन गेला. आता तिथं हळद हाय. बांध ट्रॅक्टरनं मोडले. मालक भला माणूस, सगळ्या शेतावरनं हात फिरवून म्हणाला, "इथंच कुठंतरी असतील, मावशी." मी हाक मारायला तोंड उघडलं. काय म्हणून मारू? माय, अशी हाक मारली, तर पलीकडं निंदत बसलेल्या बाईनं मान वर केली. तिला वाटलं तिचंच लेकरू आलं.

सुमन म्हणते, "आत्याबाई, लक्ष्मी म्हणा, काहीतरी एक ठेवा." मी म्हणलं, ती काय शेळी हाय का, आज घेतली अन् आज नाव ठेवलं? आता हे बी ती लिहून राहिली अन् हसून राहिली. हसू दे. तिला तिच्या मायचं नाव माहीत हाय.

त्या दिवशी शेतातून आले आन् ह्यांच्यासमोर जाऊन बसले. तुझा जावई गं. पन्नास वर्षं झाली, मला ऐकलं का अन् दत्ताची माय यापलीकडं काही म्हणला न्हाई.

मी म्हणलं, "मी मेले आन् ग्रामसेवकानं नाव विचारलं तर काय सांगाल?"

"दत्ता सांगंल की."

"दत्ता गावाला गेला असंल तर?"

"सुमन हाय ना."

"तुमी काय सांगाल?"

त्यानं कानात काडी घातली. शेळ्यांकडं पाहिलं. "म्हातारपणी काय खूळ लागलंय हिला," म्हणला, काठी उचलली आन् शेळ्यांकडं गेला. पाठमोरा तो मला बापच वाटला. तसाच खांदा पाडून चालत होता.

त्या रात्रीपासून मला अन्न गोड लागत न्हाई, माय. मी तिकडं आले तरी तुला कशी हुडकू? तुझं तोंड आठवत न्हाई, नाव ठाऊक न्हाई. तिथं बी सगळ्या कुणा ना कुणाच्या घरच्याच बसल्या असतील.

तरी एक वचन देते. ह्या म्हाताऱ्याच्या तोंडून माझं नाव ऐकल्याबिगर मी यायची न्हाई. रोज भाकरीसंगं विचारीन. तोवर तुला वाट पाहावी लागंल, पण त्याला तुझाच नवरा जबाबदार हाय.

आन् आले की मी दारात गप उभी राहीन. हाक तू मार. माझं नाव तू ठेवलंस, तुला ठाऊक हाय.

तुझी,
सगुणा
(डाव्या हाताचा अंगठा)