माझ्या टोपलीतला मोह

नागपूर, २६ मार्च

आईले खुशबूचा नमस्कार.

चिचगडात मोह पडून राहिला का? बाबाचा खोकला कसा आहे?

मी मजेत आहे. बुबुळावरचा पडदा पातळ होऊन समोर आला, म्हणून मले एकाचे तीन दिसत होते. उजव्या डोळ्याचा पडदा संक्रांतीत औषधानं घट्ट केला, डाव्याचा गुरुवारी करतील. दुखत नाही, तू उपास धरू नको. डोळे चोळायचे नाहीत म्हणतात, तेच जमून नाही राहिलं.

काल उजव्या डोळ्यात कडक लेन्स बसवली. आज सकाळी होस्टेलमागच्या मोहाखाली गेली अन् ओढणीभर फुलं वेचली. एक पान नाही, एक खडा नाही. पोरी हासत होत्या, मी नाचून राहिली होती.

मंग आठवलं. दरवर्षी माझी टोपली तू पहिले आपल्या सुपात ओतत होती, अन् मंग दुर्गेशले दाखवत होती, "पाह्य, बहिणीचा मोह किती साफ." आई, त्यातले खडे अन् पानं कोण काढत होतं, ते मले आज समजलं.

पंधरा दिवसांनी येईन. यंदा माझी टोपली सुपात ओतू नको, सरळ अंगणात वाळत टाकजो.

तुझी खुशबू