रविवारी ‘होम’

ती. सौ. गंगूवहिनींच्या पायांशी कुवेतहून धाकट्या जावेचा नमस्कार. (गुडघा वाकत नाही, म्हणून मनाने वाकले आहे, कमी धरू नये.) तुमची सांधेदुखी, भावोजींचा खोकला आणि मागच्या दारची पाडी, तिघांचे कसे काय चालले आहे ते कळवावे. आम्ही अब्बासियात देवाच्या कृपेने ठीक आहोत. उन्हाळा अजून हटत नाही. गार नळाला उकळते पाणी येते, म्हणून गीझर बंद ठेवून त्यातले पाणी गार म्हणून वापरतो आणि गार नळाचे गरम म्हणून. विजेचा खर्च नाही. देव एका हाताने भाजतो, तर दुसऱ्या हाताने वाचवतो. फोन न करता पत्र लिहिते याचे कारण, तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि हा विषय वाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलण्यासारखा नाही. शिवाय आपला सदानंद सुतार गणपतीला गावी निघाला आहे, तेव्हा तिकीटही वाचले.

विषय उर्वीचा. पोर इंग्लंडात मालिशीचे शास्त्र (त्याला फिजिओथेरपी म्हणतात, मालिश म्हटले की तिला राग येतो) शिकायला गेली आणि शिकून झाल्यावर तिथेच रग्बी लीग खेळू लागली, हे तुम्हाला माहीत आहेच. पगार घेऊन खेळते, म्हणजे नोकरीच म्हणायची. टीमचे नाव थॉर्नडेल हेरन्स. हेरन म्हणजे बगळा. (सामना संपेपर्यंत निम्म्या मुली एका पायावर उभ्या असतात, त्यावरून ठेवले असावे.) दोन्ही बाजूंना तेरा-तेरा बायका, मध्ये असोल्या नारळासारखा चेंडू, आणि तो जिच्या हातात असेल तिच्यावर बाकीच्यांनी पडायचे. पदर, ओचा काही नाही म्हणून बरे, नाहीतर मोजायला एक बाई शिल्लक राहिली नसती. एक नियम मात्र मला फार पटला. पळायचे पुढे, पण चेंडू हाताने द्यायचा तो मागच्यालाच. हे म्हणाले, विचित्रच आहे! (हे म्हणजे तुमचे धाकटे दीर नंदकुमार; खेळात इतकी माणसे आली आहेत की नाव घ्यावे लागले, पाप लागू नये.) मी म्हटले, विचित्र काय त्यात? कुवेतात आलेल्या प्रत्येक माणसाला हा नियम न शिकवता येतो.

आता टीमची कामगिरी. बकाल्यातून (म्हणजे कोपऱ्यावरचे वाण्याचे दुकान) फुकट मिळालेले कॅलेंडर फ्रिजवर आहे, त्यावर दर रविवारी मी जिंकल्या तर ‘जमा’ आणि हरल्या तर ‘नावे’ असे लिहिते. परवापरवापर्यंत अकरा सामन्यांत जमा एक, नावे दहा. असा ताळेबंद यांनी शर्कच्या ऑफिसात नेला असता, तर साहेबाने यांनाच नावे टाकले असते. आणि यातली गोम अशी की बगळे तळाला राहिले, तर खालच्या वर्गात जातात, तिथे पगार नाही. पगार नाही तर करार नाही, करार नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर पोर घरी. उर्वीने मला हे रडवेल्या आवाजात समजावून सांगितले. मी फोनवर अरेरे म्हटले आणि फोन ठेवून देवापुढच्या निरांजनात चमचाभर तूप जास्त घातले. (तूप साजूक. खोटे कशाला लिहू, तीन वर्षांत पोरीचा चेहरा फोनच्या काचेतूनच पाहिला आहे. काच पुसून पुसून तिच्या गालावर चरा पडला आहे. चरा काचेचा, पण रोज बघताना तिच्याच गालावर दिसतो.)

पोर गुणी, पण तिच्यात जोर कमी पडतो असे आपले माझे मत होते, कारण दर सामन्यानंतर ती सांगायची, “आई, मी आज एक ट्राय केला,” कधी म्हणायची दोन केले. आता मी मॅट्रिक, इंग्रजीत काठावर पास, तरी ट्राय म्हणजे प्रयत्न एवढे मला येते. मी म्हणायची, बाळा, वाईट वाटून घेऊ नकोस, प्रयत्नांती परमेश्वर, पुढच्या वेळी नक्की होईल. ती जरा थांबून म्हणायची, “हो आई.” मग मी लिंबाची फोड आणि मीठ खाऊन निजायला सांगायची. असे मी तिचे दोन हंगाम सांत्वन केले. हे पुढे कामाला येणार आहे, ध्यानात असू द्यावे.

तर गेल्या आठवड्यात तिचा फोनवर निरोप आला, इंग्रजीत, दोनच शब्द आणि पुढे हसरे तोंड: होम संडे! वहिनी, माझ्या हातातून पोळपाट पडला. रविवारी घरी! मी यांना दाखवला. हे म्हणाले, अगं तिचा इकामा (म्हणजे इथे राहण्याचा परवाना) कधीच संपला, इथे येणार कशी? मी म्हटले, हल्ली भेटीचा व्हिसा घरबसल्या मिळतो म्हणतात. हे म्हणाले, विमान कुठले ते तरी विचार. मी म्हटले, मुळीच नाही, पोरीला सरप्राइज द्यायचे आहे, ते विचारून विटाळायचे नाही. यांनी चष्मा काढून पुसला आणि निरोप पुन्हा एकदा वाचला. (मोह यांनाही झाला होता, नाहीतर हिशेबाचा माणूस दोन शब्दांवर विश्वास ठेवतो होय?)

इथे रविवार कामाचा वार, तरी यांनी अर्धी रजा टाकली. शर्कच्या मासळी बाजारातून जुबैदी आणली, म्हणजे आपले पापलेट, पण भाव शेखाचा. मी किंमत विचारली नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, मी कशाची किंमत विचारली नाही असे पहिल्यांदाच झाले, म्हणून हे घाबरून माझे कपाळ बघायला लागले. तुम्ही पाठवलेल्या आगळाची सोलकढी केली. घावने आणि नारळाचा रस केला, कारण पोर लहानपणी रसाची वाटी तोंडाला लावून मिशी करून घ्यायची. तिच्या पलंगावर आम्ही तांदळाची गोणी आणि इस्त्रीचे कपडे ठेवतो, ते काढले आणि नवी चादर घातली. मग विमानतळावर गेलो. लंडनहून येणारे एक विमान असल्याचे यांनी हळूच बघून ठेवले होते.

वहिनी, त्या दारातून इतक्या मुली बाहेर आल्या! प्रत्येकीच्या मागे सामानाची गाडी आणि प्रत्येकीसाठी समोर कुणीतरी धावणारे. मी प्रत्येकीकडे बघून आधीच हसून घ्यायची. शेवटी झाडूवाला आला, त्याच्याकडेही हसले. मग न राहवून फोन लावला. मागे गलका, वारा. मी विचारले, बाळा, कुठे आहेस? ती म्हणाली, “आई, ग्राउंडवर!” मी यांना ओरडून सांगितले, उतरली हो, विमान ग्राउंडवर आले! हे दाराकडे धावले, शिपायाने अडवले. तिकडून उर्वी विचारते, “कसलं विमान? आई, मॅच आहे. मी मेसेज केला ना, होम संडे!”

तेव्हा मला या खेळातला सर्वांत अवघड नियम कळला. आपल्या मैदानावर सामना असला की तो ‘होम’ आणि दुसऱ्यांच्या मैदानावर असला की ‘अवे’. पोर तिथल्या चिखलाला घर म्हणत होती. मी म्हटले, हो हो, मॅचच म्हणतेय मी, तेच विचारायला फोन केला, नीट खेळ. पण यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगून टाकले, “उर्वी, आम्ही एअरपोर्टवर आहोत.” यांना खोटे बोलता येत नाही, फार वर्षे ऑडिटला बसल्याचा परिणाम. तिकडे गलका चालूच होता. मग शिट्टी वाजली आणि तिला जावे लागले.

परत आलो. जुबैदी चौघांना पुरेल एवढी, म्हणून समोरच्या इक्राला बोलावले. (लाहोरची आहे, शाळेत पीटी शिकवते, गुणी मुलगी, मासा काट्यासकट चावते.) तिने लॅपटॉपवर सामना लावून दिला. तोवर मी उर्वीचा सामना कधी बघितला नव्हता. पोरीच्या अंगावर चारचौघी पडताना कुठली आई बघेल? त्या दिवशी बघितला. तिने चेंडू छातीशी धरला होता, वहिनी, तान्हे मूल धरावे तसा, दुसरा हात पुढे. एकीला चुकवले, दुसरी पायाला लोंबकळली तिला ओढत नेले, आणि शेवटच्या रेघेपलीकडे उडी टाकून चेंडू जमिनीला टेकवला. इक्रा खुर्चीवर उभी राहून ओरडली, “ट्राय! आंटी, ट्राय!” मी म्हटले, हो गं, बिचारीने प्रयत्न तर केला. इक्रा खुर्चीवरून खाली उतरली. “आंटी, ट्राय मतलब गोल! चार पॉइंट मिले!”

म्हणजे दोन हंगाम ती मला पराक्रम सांगत होती आणि मी तिची समजूत घालत होते. जिंकल्या हो त्या दिवशी बगळे. कॅलेंडरवर ‘जमा’ लिहिले. रात्री तिचा फोन आला तेव्हा मी विचारले, अगं, मला एकदा तरी सांगायचे! तर म्हणते, “आई, मी स्कोअर केला की इथे सगळे वेल डन म्हणतात. ‘लिंबू-मीठ खा आणि झोप’ तू एकटीच म्हणायचीस. मला ते हवं होतं.” मग तिनेच विचारले, “घावने केले होतेस?” मी म्हटले, छे, आज नुसता वरणभात. वहिनी, एकादशीला वरणभात खाल्ल्यासारखे वाटले ते वाक्य बोलताना.

असो. लिहिता लिहिता कागद संपला, पाठीमागच्या बाजूला लिहिते. भावोजींना नमस्कार, पाडीच्या पाठीवरून हात. गौरीच्या ओवशात माझ्या नावाचे सूप भरावे.

तुमची,
वासंती

ता. क. सदानंदाबरोबर खजूर आणि दूध पावडरीचा डबा पाठवला आहे. डबा रिकामा झाला की टाकू नये, त्यातूनच आगळ यावे.

ता. क. २. मूळ काम राहिलेच. गेल्या शिमग्यात तुम्ही मायेने रवळनाथासमोर गुरवाकडून पोरीसाठी गाऱ्हाणे घालून घेतलेत, “चेडू लवकर घराक येऊंदे रे म्हाराजा,” आणि सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटले. तुम्ही थोरल्या, तुमच्या शब्दात चूक काढत नाही. पण काल उर्वीने सांगितले, की त्यांचा शेवटचा सामना दुसऱ्यांच्या मैदानावर होता, तिथे नदीचे पाणी शिरले, म्हणून तोही आता थॉर्नडेललाच आहे. होम! म्हणजे देवाने तुमचे ऐकले, वहिनी. घरी मागितलेत, घरी दिला; पत्ता मात्र तिने दिलेला घेतला. हा सामना जिंकल्या तर बगळे तरतात आणि ती तिथेच राहते. हरल्या तर येते. सामना विसर्जनानंतरच्या रविवारी आहे, तेव्हा त्याआधी नारळ ठेवून गुरवाला एवढेच सांगावे, की पोरीला जिंकू दे. घराचा शब्द काढू नये, देवाचा घोळ होतो.

ता. क. ३. पण गुरवाने सवयीने “घराक येऊंदे” म्हटलेच, तर त्याला मध्येच टोकू नका. गाऱ्हाणे अर्ध्यावर तोडू नये म्हणतात. तुम्ही आपले हळूच “व्हय म्हाराजा” म्हणा.